जुनी स्पोर्टी गाडी घ्यायची आहे, किंमत विसरून चालवायला. कोकणात कोणती टिकेल?

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मुंबईचं बिऱ्हाड आवरून कायमचा रत्नागिरीत आलोय. घरात एक साधी गाडी आहे. आई-बाबांचा दवाखाना, बाजारहाट, बागेतल्या पेट्या असं सगळं तिच्यावर चालतं. आता दुसरी हवी आहे ती निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी.

बजेट साडेचार लाख, शिवाय लाखभर दुरुस्तीला बाजूला ठेवलेत. पेट्रोल आणि हाताचा गिअर हवाच. रस्ता स्टीअरिंगमधून हाताला कळला पाहिजे. आंबा घाट चढताना दुसऱ्या गिअरला दम असावा आणि आरे-वारेच्या वळणांवर गाडी डुलू नये. पाच वर्षांनी विकताना काय येईल, हा हिशेब मला करायचाच नाही.

आमच्याच आळीत एक सुंदर गाडी आहे. मालक जून ते सप्टेंबर ती बाहेर काढत नाहीत, एरवीही वाऱ्याची दिशा बघून काढतात. त्यांचा जीव आहे तिच्यावर, त्याबद्दल आदरच आहे. पण मला पावसात, खाऱ्या वाऱ्यात, लाल मातीत चालवायची गाडी हवी. नवीन हॅचबॅक घ्या, हा सल्ला कृपया नको.

---

कोल्हापूरचा_पाना

भावा, प्रश्न झ्याक विचारलास. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. गाडीची काळजी किमतीमुळं लागत नाही, न मिळणाऱ्या पार्टमुळं लागते. दहा लाखांची गाडी आहे, पण हेडलाइट कोल्हापुरात उद्या मिळतोय, तर माणूस निवांत चालवतो. दोन लाखांची आहे आणि हेडलाइट देशात कुठंच मिळत नाही, तर प्रत्येक ट्रकच्या मागं छातीत धडधड. म्हणून गाडी बघायच्या आधी तिची काच, बंपर, हेडलाइट, क्लच प्लेट आणि सस्पेन्शनचे आर्म कुठं मिळतात, त्याचे फोन लाव.

आता नावं. तुझ्या बजेटात बसणारी.

फोर्ड फिएस्टा १.६ एस. माझी पहिली पसंती हीच. १०१ पीएसचं (पीएस म्हणजे घोडेच समज) इंजिन, हायड्रॉलिक स्टीअरिंग, कंपनीनंच कडक केलेलं सस्पेन्शन. आजच्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगची सवय असलेल्या माणसानं हिचं स्टीअरिंग एकदा धरलं की दहा मिनिटांत गप होतो. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तरी साध्या फिएस्टा इतक्या खपल्यात की खालचा बराचसा माल मिळतो. इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर चालवणारा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाल.

फियाट लिनिया टी-जेट. १.४ टर्बो, ११४ पीएस, आणि ओढायचा जोर म्हणजे टॉर्क २०७ एनएम. घाटात ही फिएस्टापेक्षा सरस, कारण टर्बोचा जोर खालूनच येतो. जमिनीपासून उंची चांगली, पत्रा जाड. फियाटच्या गाड्या २०१९ ला बंद झाल्या. इंजिनाचा माल शोधून मिळतो, आतलं प्लॅस्टिक आणि स्विच शोधताना जीव जातो.

फियाट पॅलिओ १.६. शंभर घोड्यांचं इंजिन त्या एवढ्याशा गाडीत! २००१ साली आली तेव्हा रस्त्यावर तिच्या बरोबरीचं हॅचबॅक नव्हतं. पण आता वय झालं. चांगली सापडली तर नशीब, आणि सापडलेली बहुतेक आधीच कुणीतरी पिळलेली असते.

स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २००४ वाली. १.८ टर्बो, १५० घोडे, पाच गिअर. पत्रा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, म्हणून समुद्राकाठी हिचा विचार जरूर कर. कूलिंगचे प्लॅस्टिकचे जोड आणि इग्निशन कॉइल यांचा खर्च मात्र धरून चाल.

होंडा सिटी व्हीटेक, २००० ते २००३ ची, १०६ घोडे. इंजिन म्हणजे शिलाई मशीन. पण पत्रा पातळ. किनाऱ्यावर राहिलेली असेल तर खालून बघितल्याशिवाय हात लावू नको.

---

वेगवेडा_ठाणे

फोक्सवॅगन पोलो जीटीआय का नाही? १.८ टर्बो, १९२ पीएस, तीन दारी. भारतात मोजक्याच आल्या, त्यामुळे किंमत पडणार नाही. बजेट थोडं वाढवा. चालवायची पण हौस आणि पैसाही सुरक्षित.

---

कोल्हापूरचा_पाना

दादा, गाडी एक नंबर आहे, वादच नाही. पण रत्नदुर्गला नेमकं हेच नकोय. तिचं लांबलचक दार जयगडच्या जेटीवर टेंपोनं घासलं तर दुसरं दार आणायचं कुठून? साध्या पोलोला पाच दारं, पुढचं दार आखूड. हिच्यासाठी परदेशातून मागवा. किंमत टिकणारी गाडी घेतली की ती टिकवण्याची नोकरी पण आपल्याकडंच येते.

---

मोहोर (अलिबाग)

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला उभी आहे, म्हणून लिहिते. माझ्याकडे मर्सिडीज एसएलके २०० आहे, घडीच्या पत्र्याच्या टपाची. अलिबाग–रेवदंडा रस्त्यावर संध्याकाळी टप उघडून जाण्याचं सुख मी कुणालाही नाकारणार नाही. पण समुद्राकाठी, आमराईत अशी गाडी ठेवायची तर काय लागतं ते ऐका.

टपाच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. वायपरच्या खाली जी जाळी असते, तिथेही पाणी जायला भोकं असतात. माघ-फाल्गुनात आंब्याचा मोहोर झडतो, तो थेट तिथे जाऊन बसतो. सुका मोहोर म्हणजे भुसाच. पहिल्या पावसात तो फुगतो, भोकं बंद होतात आणि पाणी गाडीच्या आत. गालिच्याखाली वायरिंग आहे, इलेक्ट्रॉनिक डबे आहेत. मी दर मे महिन्यात वायपरची जाळी उघडून, नायलॉनची जाड दोरी नळ्यांतून हलक्या हाताने फिरवते. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आतला जोड सुटतो.

दुसरं, आंब्यावरच्या तुडतुडे किडीचा चिकटा. कलमाखाली गाडी उभी राहिली की टपावर, काचेवर साखरेसारखा थर बसतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. ऊन लागायच्या आत साध्या पाण्याने भिजवून काढला तर जातो. वाळल्यावर घासलात तर रंगावर ओरखडे. रत्नागिरीत तुम्ही बागेतच राहणार, म्हणून हे कुठलीही गाडी घेतलीत तरी लागू आहे.

तिसरं, सरकारी खर्च. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तेही दर पाच वर्षांनी. वीस वर्षांपुढच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने शुल्क दहा हजार केलंय. पण आयात केलेली चारचाकी असेल तर ऐंशी हजार. शिवाय पर्यावरण कर आणि तपासणी. साडेचार लाखांत "स्वस्त" आयात कन्व्हर्टिबल दिसली की हा आकडा आधी मांडा. मी भरणार आहे, कारण ही गाडी मला सोडवत नाही. निश्चिंतपणे चालवायला मात्र ही गाडी नव्हे.

---

वेगवेडा_ठाणे

मान्य. मग माझदाची मिआटा, ती दोन माणसांची उघड्या टपाची छोटी गाडी, मागवता येते का? परदेशी व्हिडिओंत याच प्रश्नाला सगळे तेच उत्तर देतात.

---

मोहोर (अलिबाग)

नाही हो. माझदाने ती इथे कधी विकलीच नाही, आणि जुनी गाडी आयात करायला वयाची मर्यादा तीन वर्षांची आहे. १९८९ ची पहिली मिआटा तर सोडूनच द्या. तिच्यातला गुण मात्र आपल्याला घेता येतो: हलकी, साधी, माफक ताकदीची, आणि हातातली प्रत्येक हालचाल कळणारी. पाना यांनी फिएस्टा पहिली का लिहिली ते यावरून समजतं.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

रत्नदुर्गदादा, कोकणातली किंवा कोकणातून गेलेली गाडी घेताना पुराची गाडी ओळखायला शिका. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यांत गेल्या. आज त्या "एकहाती, कमी चाललेली" म्हणून परत येतात.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. अगदी शेवटपर्यंत. धुणारा माणूस बेल्टचा दिसणारा भाग धुतो, गुंडाळलेला नाही. पुराचा गाळ बारीक, पिवळट-राखाडी असतो आणि बेल्टच्या विणीत त्याची आडवी रेघ राहते. बोटाने चोळली तर पिठासारखी लागते. मग सीट पुढे ढकलून रुळाचे बोल्ट बघा, त्यांच्या डोक्यावर तांबूस गंज नको. स्टेपनी काढून खळग्यात हात फिरवा. डॅशच्या खाली हात घालून एखादा कनेक्टर सोडवा. आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या असतील तर गाडी तिथेच ठेवून चहा पिऊन घरी या. इंजिन कितीही गोड चालत असू दे. वायरिंग सडायला लागलं की गाडी आज हॉर्न देते, उद्या स्टार्ट होत नाही, परवा दिवे जातात, आणि कोणत्याही मेकॅनिकला त्याचा शेवट सापडत नाही.

---

आंबोलीकर (सावंतवाडी)

आमच्या हयसर पाऊस म्हणजे पाऊस असता. गाडी खालून वाचवची तर एकच उपाय, काळा ऑइल. जुना इंजिन ऑइल घेवचा, मे महिन्यात खालून फवारा मारूचो. आमच्या वडलांनी जीप अशीच ठेवली, पत्र्याक आजून भोक नाय.

---

कोल्हापूरचा_पाना

काका, जीपचा पत्रा आणि आजच्या गाडीचा पत्रा एक नव्हे. जळकं ऑइल सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबराच्या बुशला लागलं की बुश फुगतो, मऊ पडतो, आणि स्पोर्टी गाडीची सगळी मजा त्या बुशांतच असती. ब्रेकवर उडालं तर जीवाला धोका. वर ते ठिबकून तुमच्या अंगणातनं विहिरीत जाणार.

त्यापेक्षा असं करा. एप्रिलमध्ये गाडी लिफ्टवर घ्या, गोड्या पाण्यानं खालनं धुवा, दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या. मग पोकळ जागांत, म्हणजे दाराखालचे सिल, दारांची खालची कड, चाकांच्या कमानी, तिथं कॅव्हिटी वॅक्स. ते पातळ असतं, सांध्यात शिरतं. वरनं जाड काळं रबरी कोटिंग मारतात ते गंजावर मारलं तर उलट नुकसान, आत ओल अडकते आणि पत्रा झाकल्याजागी सडतो. विकायला काढलेल्या गाडीला खालनं ताजं काळं कोटिंग दिसलं तर मला पहिला संशय येतो.

---

आंबोलीकर (सावंतवाडी)

बुशाचा माझ्या ध्यानात नाय इला. वॅक्स खंय मिळता ता सांग.

---

कोल्हापूरचा_पाना

कार डिटेलिंगवाल्यांकडं विचारा काका, नाहीतर ऑनलाइन. लांब नळीचा स्प्रे घ्या, आखूड नळी आतपर्यंत पोचत नाही.

---

भरतीओहोटी (गुहागर)

कुणी फेरीबोटीबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो. रत्नागिरीहून गुहागरला येताना जयगड–तवसाळ, पुढे दापोलीला जाताना धोपावे–दाभोळ. ओहोटीला बोट खाली असते आणि उताराचा कोन बदलतो. बोटीची फळी आणि जेटी जिथे मिळतात तिथे लांब नाकाची, खाली बसलेली गाडी पुढचा बंपर घासते, नाहीतर मधोमध पोट टेकते. सरळ न जाता जरा तिरकं चढावं, एक चाक आधी. बोटीवरच्या पोरांना सांगितलं तर ते फळकुट लावून देतात, फार समजूतदार आहेत.

बोटीत पहिल्या रांगेत उभी राहिलेली गाडी खाऱ्या पाण्याचे शिंतोडे खाते. पलीकडे उतरल्यावर घरी पोचलात की बादलीभर गोडं पाणी चाकांच्या आतल्या बाजूला मारा. ब्रेकच्या डिस्कवर दुसऱ्या दिवशी तांबूस थर दिसेल, तो पहिल्या दोन ब्रेकला जातो, त्याने घाबरू नका. मागे ड्रम ब्रेक असतील तर पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर ठेवू नका, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला जांभ्याचा चिरा लावा.

आणि लो प्रोफाइल टायरच्या मोहात पडू नका. आमच्या जिल्हा मार्गावरच्या खड्ड्यात सतरा इंची रिम वाकते, टायरला बाजूने फुगा येतो. चौदा-पंधरा इंची चाक, जाड बाजूचा टायर. टायरवरचा शेवटचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्या हौशी गाडीचे टायर नक्षीने नवे आणि वयाने म्हातारे असतात.

---

विमा_आणि_बरंच_काही (महाड)

किमतीची काळजी नको म्हणताय, मग विम्याकडे त्याच नजरेने बघा. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. बरेच जण हप्ता वाचवायला ती खाली आणतात. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. म्हणजे दोन लाख आयडीव्हीच्या टी-जेटचं पुढचं तोंड जरा जोरात आपटलं तरी कंपनी म्हणणार, पैसे घ्या आणि विषय संपवा. गाडी दुरुस्त होण्यासारखी असूनही. तेव्हा जमेल तेवढी वरची किंमत बोलून घ्या. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, तर कायद्यानेच लागतो.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान मिळायला फार अवघड जातं.

---

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. लिनिया टी-जेट आणि फिएस्टा १.६ एस या दोनच नावांवर आलोय. ऑक्टाव्हिया मनातून जात नाही, पण तिचं वय आणि कूलिंगचा खर्च बघता लाखभराचा दुरुस्ती-निधी तीच खाईल.

दिल्लीकडच्या काही गाड्या फारच स्वस्त दिसतात, गंजही कमी. घ्यावी का? आणि आताचं पेट्रोल या गाड्यांना चालतं का?

---

मोहोर (अलिबाग)

दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे त्या स्वस्त आहेत. तिथल्या आरटीओची एनओसी, मग इथला रोड टॅक्स, एमएच ०८ ची म्हणजे रत्नागिरीची नोंदणी, आणि पंधरा झाली असतील तर लगेच नूतनीकरण. बारा महिन्यांत नोंदणी बदलावीच लागते. एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. कागद स्वच्छ असतील तर कोरड्या हवेतली गाडी खरोखर चांगली असते.

---

कोल्हापूरचा_पाना

पेट्रोलचं सांगतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं. त्यासाठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. आधीच्या गाडीत रबरी फ्युएल पाइप आणि ओ-रिंग कडक पडतात, तडकतात. गाडी घेतल्या घेतल्या हे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे टाकून घे, सोबत फिल्टर. खर्च फार नाही. पेट्रोल गळून गरम टर्बोवर पडलं तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट खास तुमच्या हवेची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि पंप तेच ओढतो. तू दर आठवड्याला चालवणार, मग तुला त्रास नाही. तुमच्या आळीतल्या गाडीच्या मालकांना मात्र हे सांग, टाकी पूर्ण भरून ठेवा म्हणावं.

---

पणजीकर_फायबर

कोकणपट्टीचा धागा आहे म्हणून एक आठवण करून देतो. आमच्या गोव्यातच सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म बनवली होती. दोन माणसांची, कापडी टपाची, रेनोचं १.२ इंजिन, साठ घोडे. अंग फायबरचं, म्हणजे वरून गंजण्याचा प्रश्न नाही, खालचा सांगाडा मात्र लोखंडी. साठ घोड्यांत काय मजा, असं विचाराल तर गाडी हलकी आणि तुम्ही जमिनीलगत, त्यामुळे चाळीसच्या वेगालाही चालवल्यासारखं वाटतं. पण पाना यांच्या कसोटीला ती उतरत नाही: काच फुटली तर शोधत बसा. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या चालवत ठेवाव्यात, एवढं वाटतं.

---

घाटवळण (साखरपा)

रत्नदुर्ग, मी आंबा घाटाच्या पायथ्याशी राहतो, दोन्ही गाड्या चालवल्यात. टी-जेट चढाला राणी. पण स्टीअरिंगचा संवाद फिएस्टाचाच. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये हाताला रस्ता कळावा असं लिहिलंत आणि नंतर घाटाच्या दमाबद्दल लिहिलंत. यातलं पहिलं काय ते तुम्हीच ठरवा. उतारावर दोन्हींचे ब्रेक सारखेच तापतात, म्हणून ब्रेक फ्लुइड आल्याबरोबर नवं घाला, दमट हवेत ते पाणी धरतं.

आणि जिथे चालवाल तिथे गुरं, शाळेची पोरं, धुकं बघून चालवा. आंबा गावाच्या आसपास सकाळी धुक्यात म्हैस दिसते तेव्हा ती दहा पावलांवर असते. मजा तिसऱ्या गिअरमध्ये पन्नास-साठलाही येते, आणि या गाड्यांचा तोच गुण आहे.

---

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

फिएस्टा. ठरलं. आईलाही मागे नीट बसता येईल, हे लिहायचं राहून गेलं होतं.

एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची एक १.६ एस दिसते आहे, दुसऱ्या मालकाकडे, सर्व्हिसची बिलं आहेत. रविवारी बघायला जातोय. पाना, वेळ असेल तर याल का सोबत?

---

कोल्हापूरचा_पाना

येतो की! मालकाला सांग, आम्ही येईस्तोवर इंजिन चालू करू नका, थंड बघायचंय. थंड इंजिन पहिल्या क्षणाला जो आवाज आणि धूर देतं, तो खरा. येताना चुंबक घेऊन ये, फ्रिजवर लावतात तसला. पातळ फडक्यात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानीवर आणि सिलवर फिरवायचा. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय. जॅक लावायच्या चारही जागा अंगठ्यानं दाबून बघू, पत्रा आत गेला तर सौदा नाही.

दोन तास ठेव हातात. आणि परतीला आंबा घाटातनंच ये, चालवायला मी बसणार नाही, तूच बस.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आणि सीटबेल्ट ओढा. पाचही.